मुलाला स्वतःबद्दल सांगताना: ट्रान्स पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ट्रान्स आई-वडिलांकडून, त्यांच्या जोडीदारांकडून आणि अधूनमधून आजी-आजोबांकडूनही सतत येत असतात. जन्माच्या वेळी ज्यांची नोंद 'मुलगा' म्हणून झाली पण ज्या स्त्री आहेत त्या ट्रान्स स्त्रिया, आणि याच्या उलट ते ट्रान्स पुरुष, या अर्थाने खाली शब्द वापरले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मूल अजून लहान आहे. त्याला सांगायलाच हवं का?

तुम्ही उघडपणे वेगळं जगायला सुरुवात करणार असाल, तर हो. घरात काहीतरी चाललंय हे मुलांना फार लवकर कळतं. बंद दाराआडचं बोलणं, सुजलेले डोळे, आपण खोलीत गेलो की बदलणारा विषय हे सगळं ती टिपत असतात. कारण सांगितलं नाही तर मूल स्वतःच कारण शोधतं, आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतं: बाबाला मोठा आजार झालाय, आई घर सोडून जाणार, किंवा हे सगळं माझ्यामुळे झालं.

तुम्ही अजून स्वतःशीच विचार करत असाल आणि रोजच्या जगण्यात काही बदलणार नसेल, तर घाई नाही. मनातली प्रत्येक घालमेल मुलापुढे मांडायलाच हवी असं नाही.

2. कोणतं वय योग्य?

साधारणपणे जितकं लहान तितकं सोपं, असाच अनुभव येतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना केस कापले, कपडे बदलले की मुलीचा मुलगा होतो असं सहज वाटतं. 'मुलगा' आणि 'मुलगी' हे कप्पे पक्के व्हायला वयाचं सहावं-सातवं वर्ष उजाडतं. त्यामुळे बालवाडीतलं मूल दोन प्रश्न विचारून खेळायला निघून जातं. तुम्ही महिनाभर तयारी केलेली असते आणि ते विचारतं, "मग आज डब्यात काय?" ते दुर्लक्ष नसतं. त्याला हवं तेवढं त्याने घेतलेलं असतं, उरलेलं पुढे कधीतरी विचारेल.

बारा ते सोळा हा काळ सर्वांत कठीण. स्वतःच्या शरीरातले बदल, मित्रांमधलं स्थान, वर्गात चेष्टा होण्याची भीती, सगळं एकाच वेळी चालू असतं. पण म्हणून अठरापर्यंत थांबा असं मी सांगणार नाही. इतकी वर्षं लपवलं, हा राग पुढे वेगळा उभा राहतो (प्रश्न 13 पाहा).

एक गोष्ट मात्र वयावर अवलंबून नाही: शरीरात दिसणारे बदल सुरू होण्याआधी सांगा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सुरू केल्यावर काही महिन्यांतच आवाज घोगरा होऊ लागतो आणि मुलाच्या ते लगेच लक्षात येतं. इस्ट्रोजन या स्त्री-संप्रेरकामुळे आवाज बदलत नाही. त्वचा, छाती, चेहरा यांत बदल हळूहळू दिसतात, त्यामुळे थोडा अवधी मिळतो.

3. सांगण्याआधी मी काय तयारी करू?

आधी जोडीदाराला सांगा. मुलाला कळलं आणि आईला किंवा वडिलांना नाही, असं एक दिवसही होऊ देऊ नका. जोडीदाराला पचायला वेळ लागेल, तो द्या. शक्य असेल तर मुलाला सांगताना दोघंही हजर राहा. तुम्हाला एकमेकांबद्दल काय वाटतं याचा निकाल अजून लागलेला नसला तरी "आम्ही दोघंही तुझे आहोत" एवढं एकत्र म्हणता आलं पाहिजे.

दुसरं, स्वतःच्या मनातलं भय कमी झालेलं असू दे. रडू येणारच नाही इतकी तयारी कुणाचीच नसते, पण मुलाने तुमचं सांत्वन करावं अशी वेळ येऊ नये. त्याआधी मित्राशी, समुपदेशकाशी, दुसऱ्या ट्रान्स पालकाशी बोलून मोकळं व्हा.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं: मुलाला सांगितलं म्हणजे ते घराबाहेर जाणार असं धरून चाला. मुलावर गुपिताचं ओझं टाकायचं नाही. आजीला, बाईंना, शेजारच्या मित्राला कळलं तरी चालेल अशी तुमची तयारी झाल्यावरच मुलाशी बोला. "हे फक्त आपल्यातच ठेव" असं सांगितलेलं मूल प्रत्येक वाक्य तोलून बोलू लागतं, मित्रांना घरी आणणं बंद करतं, आणि त्याला वाटू लागतं की हे लाजिरवाणंच असणार, नाहीतर लपवायला का सांगितलं असतं? या एका मुद्द्यावर मी कधीच तडजोड सुचवत नाही.

4. नेमकं काय बोलू? शब्दच सुचत नाहीत.

थोडं आणि साधं बोला. पाच-सहा वर्षांच्या मुलीला तिची ट्रान्स स्त्री पालक असं सांगू शकते:

"सगळ्यांना वाटतं मी पुरुष आहे. पण मला लहानपणापासून आतून मी बाई आहे असंच वाटत आलंय. खूप वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे मला वाईट वाटायचं. आता मी बाई म्हणून राहणार आहे. माझे केस वाढतील, कपडे बदलतील, नाव बदलेल. तुला शाळेत सोडायला मीच येणार. रात्री गोष्ट मीच सांगणार. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. तुला काही विचारायचंय?"

मोठ्या मुलासमोर 'ट्रान्स' हा शब्द वापराच. तो त्याने इंटरनेटवर बहुतेक वाचलेला असतो, आणि तुम्ही टाळलात तर तो चोरून शोधेल. त्याला पुढचा क्रम सांगा: कोणाला कधी कळणार, डॉक्टरांकडचे उपचार आहेत का, शाळेत काय होणार, तुम्ही दोघं एकत्र राहणार की नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर "आम्ही अजून ठरवलेलं नाही, ठरलं की आधी तुला सांगू" असं म्हणा. खोटं आश्वासन मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

शस्त्रक्रियेचे तपशील, तुमचं वैवाहिक आयुष्य, आधीची घुसमट यांबद्दल मुलाने विचारल्याशिवाय बोलू नका. विचारलं तरी त्याच्या वयाला पेलेल एवढंच.

5. कधी आणि कुठे सांगावं?

घरी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे उरलेला दिवस सोबत काढता येतो. परीक्षेच्या तोंडावर नको. वाढदिवस, दिवाळी, गणपती हे दिवसही टाळा. दरवर्षी तो सण आला की हीच आठवण वर येते. आणि भांडणाच्या भरात तर मुळीच नाही.

6. मूल मला काय म्हणणार? आई तर घरात आधीच आहे.

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि मराठी घरात तो हाकेपुरता राहत नाही. तुम्ही "मी आलो" ऐवजी "मी आले" म्हणायला लागलात की वाक्यागणिक बदल ऐकू येतो. म्हणून तेही आधी सांगून ठेवा: "आता मी 'आले, गेले, जेवले' असं बोलेन. तुलाही सवय होईल."

हाकेचं नाव मुलासोबत ठरवा, मुलावर लादू नका. काही मुलं 'बाबा' सोडायला तयार नसतात, कारण त्यांच्यासाठी तो शब्द स्त्री-पुरुषाचा नसून त्यांच्या माणसाचा असतो. "माझी बाबा आली" हे व्याकरणात बसत नसलं तरी घरात बसू शकतं. कुठे 'माई', कुठे 'मम्मा', कुठे नव्या नावातूनच एखादी लाडकी हाक निघते. घराबाहेर वेगळी हाक आणि घरात वेगळी, असंही चालतं, फक्त ती मुलाची निवड हवी. वडिलांना 'तुम्ही' आणि आईला 'तू' म्हणणाऱ्या घरांत मूल एक दिवस आपसूक 'तू'वर येतं. त्याला टोकू नका, ते जवळ येतंय.

'मावशी', 'आत्या', 'काका' म्हणायला लावण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो ऐकू नका. पाहुण्यांची सोय होते म्हणून मुलाचं पालक हिरावून घ्यायचं नसतं.

मूल चुकलं तर एकदा हळूच दुरुस्त करा आणि पुढे बोला. चिडून मुद्दाम जुनं नाव घेत असेल तर ते रागाचं लक्षण आहे. तो राग कशाचा आहे ते विचारा (प्रश्न 7).

7. सांगितल्यावर मुलगी रडली आणि आता बोलतच नाही. मी तिचं नुकसान केलं का?

नाही. तिचे बाबा जसे तिच्या डोळ्यांसमोर होते तसे आता दिसणार नाहीत, याचं तिला दुःख होतंय. तुम्ही जिवंत आहात, शेजारी बसला आहात, तरीही ते दुःख खरं आहे. ते नाकारू नका. "मी तर तोच माणूस आहे, रडतेस कशाला?" हे वाक्य प्रेमापोटी येतं, पण मुलीला ऐकू येतं की तिने दुखवटाही धरायचा नाही. त्याऐवजी म्हणा, "तुला जुने बाबा आठवतात, हो ना? आपण फोटो बघूया का?" जुने अल्बम फेकू नका, भिंतीवरचे फोटो एका रात्रीत उतरवू नका. त्या फोटोंत मुलाचं बालपणही आहे. तुम्हाला ते बघणं असह्य होत असेल तर मुलाच्या कपाटात त्याच्यासाठी वेगळे ठेवा.

रोजचा दिनक्रम घट्ट धरा. पाढे, पोहण्याचा क्लास, रविवारचे पोहे, सगळं जसंच्या तसं. बोलण्यापेक्षा त्यातून मुलाला अधिक कळतं.

झोप उडणं, अंथरूण ओलं करणं, शाळेला नकार, अभ्यास अचानक ढासळणं असं काही आठवड्यांनीही चालू राहिलं, तर बालसमुपदेशकाकडे जा. कुणाकडे जायचं याबद्दल प्रश्न 14 वाचा.

8. "मी पण अशीच होणार का? हा आजार आहे का?" असं मुलीने विचारलं तर?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. पालक ट्रान्स असल्यामुळे मूल ट्रान्स होत नाही. 1978 मध्येच रिचर्ड ग्रीन या मानसोपचारतज्ज्ञांनी समलिंगी आणि ट्रान्स पालकांकडे वाढणाऱ्या 37 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पालकांमुळे मुलांच्या लिंगभावात गोंधळ झाल्याचं त्यात दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या आजारसूचीला 2019 मध्ये मान्यता मिळाली आणि जी 2022 पासून लागू झाली, तिच्यात ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून टाकलेलं आहे. मुलीला एवढंच सांगा: "हा आजार नाही, कुणाकडून कुणाला लागत नाही. तू कोण आहेस ते तुझं तुला कळेल, आणि तू जशी असशील तशी मला आवडशील."

9. मुलाने विचारलं, "म्हणजे तू सिग्नलवर टाळ्या वाजवणार?" काय सांगू?

पहिली ऊर्मी असते "छे, आपण तसे नाही" म्हणण्याची. तसं म्हणू नका. सिग्नलवर किंवा लोकलमध्ये दिसणाऱ्या अनेकांना घरच्यांनी बाहेर काढलेलं असतं आणि काम कुणी दिलेलं नसतं. त्यांची गुरू-चेल्यांची स्वतःची घरं आहेत, बाळ जन्मलं की आशीर्वाद द्यायची रीत आहे. "ते लोक वेगळं जगतात, त्यांच्याशी नीट वागायचं. मी माझ्या कामावरच जाणार आहे" हे उत्तर खरंही आहे आणि कुणाला खाली पाडत नाही.

मोठ्या मुलांना ट्रान्स माणसांची उदाहरणं द्या. पुण्यात वाढलेल्या गौरी सावंत यांनी आई गमावलेल्या एका मुलीला आपली मुलगी म्हणून वाढवलं, आणि ट्रान्स व्यक्तींना कायदेशीर ओळख देणाऱ्या 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या 'नाल्सा' खटल्यातही त्या होत्या. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या जागेसाठीचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या ग्रामपंचायतीत निवडूनही आल्या.

10. नवरा म्हणतो, "मुलाला सांगितलंस तर ताबा घेईन." तो घेऊ शकतो का?

पालक ट्रान्स आहे एवढ्याच कारणावरून ताबा जातो असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. 1890 चा पालक व पाल्य कायदा आणि हिंदूंसाठीचा 1956 चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींत कसोटी एकच: मुलाचं हित. पण न्यायाधीशांसमोर ते हित कसं मांडलं जातं यावर खूप काही ठरतं. समोरचे वकील 'मुलावर परिणाम होईल' असं म्हणणारच.

म्हणून घटस्फोटाची भाषा सुरू झाली असेल तर मुलाला सांगण्याआधी वकिलाशी बोला. शाळेची फी, दवाखान्याची बिलं, पालकसभांची हजेरी हे सगळं जपून ठेवा. मुलाचं रोजचं तुम्हीच करता हे त्यातून दिसतं. मुलाला घेऊन अचानक माहेरी किंवा दुसऱ्या शहरात निघून जाऊ नका. आणि चिडून का होईना, मुलासमोर नवऱ्याबद्दल वाईट बोलू नका. मुलांना सर्वांत जास्त त्रास पालकांच्या आपसांतल्या भांडणाचा होतो, हे या कामात वारंवार दिसतं.

घरात मारहाणीची भीती असेल तर सगळाच क्रम बदलतो. आधी सुरक्षित जागा, मग वकील, मग मुलाशी बोलणं.

11. शाळेत आणि गावी किती सांगायचं?

शाळेत वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांना, मुलाला सांगितल्यानंतर लगेच. भेटायला जाताना मागण्या नेमक्या ठेवा: मुलाला न्यायला येणाऱ्या पालकाच्या ओळखपत्रावरचा फोटो बदलणं, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात नवं नाव, आणि कुणी चिडवलं तर कुणाकडे जायचं ते एक नाव. फोटोचं विसरू नका. गेटवरच्या काकांनी ओळखलं नाही म्हणून मूल शाळा सुटल्यावर ताटकळत उभं राहिलं, तर ते त्याच्या मनावर कोरलं जातं.

मुलासोबत दोन-तीन उत्तरांचा सराव करा. "हो, माझी बाबा आहे ती. मग?" किंवा "मला याबद्दल बोलायचं नाही." दुसरं उत्तरही तितकंच चांगलं. तुमची बाजू मांडत फिरणं हे मुलाचं काम नाही.

गावच्या आजी-आजोबांना तुम्हीच सांगा, शक्यतो मुलाच्या आधी किंवा त्याच आठवड्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल आजोळी जाणार आणि "तिथे काही बोलू नकोस" असं त्याला बजावणार, हे प्रश्न 3 मधलं गुपिताचंच ओझं झालं. आजी म्हणाली की "पोराच्या डोक्यात काय भरवताय?", तर तिच्याशी वाद मुलासमोर घालू नका. पण मुलासमोर तुमचा अपमान झाला तर तिथून उठून या. तेही मुलाने पाहायला हवं.

12. मूल दहावीला आहे. त्याच्या मधल्या नावाचं आणि दाखल्यांचं काय?

आपल्याकडे मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव अशी रीत आहे. म्हणजे ट्रान्स स्त्रीचं जुनं नाव तिच्या मुलाच्या प्रत्येक वहीवर, गुणपत्रिकेवर, आधारवर लिहिलेलं असतं. अनेकजणींना ते खुपतं. पण ते नाव आता मुलाचंही आहे. शाळेत इतकी वर्षं ज्या नावाने हजेरी झाली ते बदलायचं की नाही हे मुलाने ठरवावं, आणि बोर्डाच्या वर्षात तर नकोच. मुलाचा जन्मदाखला तुमचं नाव किंवा लिंग बदललं म्हणून आपोआप बदलत नाही.

तुमच्या बाजूने एक काम करून ठेवा. राजपत्रात नाव बदलाची नोंद करा, त्यात जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी छापलं जातं. "जन्मदाखल्यावरची व्यक्ती मीच" हे दाखवायला तो कागद मुलाच्या प्रवेशापासून बँकेपर्यंत उपयोगी पडतो. 2019 च्या कायद्याने आणि 2020 च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्राची सोय केली. मात्र अर्ज करण्याआधी आज कोणते नियम लागू आहेत ते वकिलाकडून तपासून घ्या. पासपोर्टच्या अर्जात डिसेंबर 2016 पासून एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं.

1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नावही येतं: मुलाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. ट्रान्स पुरुषाने मुलाला जन्म दिला असेल तर या रकान्यांचा पेच आणखी वाढतो. कोळिकोडच्या एका ट्रान्स जोडप्याने यासाठी न्यायालयात धाव घेतली आणि जून 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्यांच्या बाळाच्या दाखल्यावर 'आई', 'वडील' ऐवजी दोघांनाही 'पालक' लिहायला सांगितलं. तो निकाल केरळचा आहे, पण इथे अर्ज करताना दाखवता येतो.

13. मुलाला आधीच कळलं. मोबाइलवर माझे फोटो पाहिले असावेत. आता?

आजच बोला. तो काही विचारत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही, असं नाही. "तू काही पाहिलंस असं मला वाटतंय. ते मी तुला आधी सांगायला हवं होतं, माझी हिंमत झाली नाही" अशी सुरुवात पुरे. मोबाइल का बघितलास यावर अवाक्षर नको. एवढे दिवस त्याने ते एकट्याने पोटात ठेवलं, त्याबद्दल त्याला जवळ घ्या. पुढचं बोलणं प्रश्न 4 प्रमाणे.

जोडीदाराने रागात सांगून टाकलं असेल तरी हेच. त्याच दिवशी, तुमच्या तोंडून.

14. मदत कुठे मिळेल?

'टेलि-मानस' ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही मिळते. मूल धोक्यात असेल तर 1098. मुंबईतला हमसफर ट्रस्ट 1994 पासून समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींसाठी काम करतो, पुण्यात तसाच समपथिक ट्रस्ट आहे. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा, "तुम्ही ट्रान्स व्यक्तींच्या कुटुंबांबरोबर काम केलंय का?" आणि कुणी तुम्हाला 'बरं करून' देण्याची भाषा केली तर उठून या. अशा तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

15. मी नोकरीसाठी परदेशात आहे, मुलगी नाशिकला. व्हिडिओ कॉलवर सांगू का?

सुट्टीला लवकरच येणार असाल तर समोरासमोर. नाहीतर कॉल चालेल, पण फोन ठेवल्यावर तिच्याजवळ बसणारं एक मोठं माणूस घरात हवं आणि त्याला आधीच सगळं माहीत हवं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा. विमानतळावर एकदम नव्या रूपात समोर उभं राहायचं नाही.

16. मुलीचं लग्न ठरतंय. ती म्हणते, "मला मान्य आहे, पण लग्न होईपर्यंत थांब."

तिची भीती खोटी नाही. स्थळं मोडतात, पाहुणे बोलतात. पण तुम्ही किती वर्षं थांबला आहात, हेही तिच्यासमोर मांडा. थांबायचं ठरवलंत तर तारीख ठरवून थांबा, कारण लग्नानंतर पहिली मंगळागौर, मग बारसं, कारणं येतच राहतात. उपचार चालू असतील तर शरीर लग्नाच्या मुहूर्तासाठी थांबणार नाही, हेही तिला स्पष्ट सांगा.

माझा कल असा की होणाऱ्या जावयाला साखरपुड्याआधी कळायला हवं, आणि ते मुलीने सांगावं. लपवून केलेलं लग्न नंतर मुलीच्याच अंगावर येतं. त्याच्या घरी कधी सांगायचं ते दोघं मिळून ठरवतील. मग उरतात विधींचे प्रश्न. कन्यादानाला कोण बसणार, फोटोत कुणी कुठे उभं राहायचं, पत्रिकेवर काय छापायचं? नोंदणी विवाह केला तर यातले निम्मे सुटतात. कन्यादान मामा-मामी किंवा काका-काकूही करतात. पत्रिकेवर दोघांची नावं 'आई' किंवा 'वडील' न लिहिता नुसती छापली तरी निमंत्रण पूर्ण होतं. छापखान्यात देण्याआधी मसुदा मुलीबरोबर बसून वाचा.